आधी मर्वचा फोल्डर

कालचाच प्रोग्रॅम ग्लेनिसनं आज सकाळी पुन्हा चालवला आणि आकडे बदलले. तिनं प्रोग्रॅममधलं एक अक्षर हलवलं नव्हतं. माहितीही तीच होती. टास्मानियातल्या वृद्धनिवासांत म्हाताऱ्या माणसांना ठरावीक काळानं विचारतात, शून्य ते दहा यांतला आकडा सांगा, किती दुखतंय. त्याची ही उत्तरं. उत्तरं तीच, प्रोग्रॅम तोच, कपातला चहासुद्धा रोजच्यासारखाच कोमट झालेला, आणि पडद्यावर 'के' नावाच्या निवासाची ओळ, जी कितीतरी वर्षं तक्त्याच्या डोक्यावर ऐटीत बसलेली असायची, ती पार तळाला गेली होती. 'सौम्य वेदना' या रकान्यातला तिचा भलाथोरला आकडा ओसरला होता. आणि उजव्या कडेला एक रकाना उगवला होता जो ग्लेनिसनं बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता : 'उत्तर नाही'. 'के'मधली जवळजवळ सगळी माणसं त्या रकान्यात जाऊन बसली होती. तिनं चष्मा पुसला, प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पुन्हा तेच. ऑफिसात निवासांना नावं नसतात, अक्षरं असतात, आणि कुठलं अक्षर कुणाचं हे आपल्या कामासाठी कुणी बघायचं नसतं. पण 'के' म्हणजे कोण ते ग्लेनिसला ठाऊक होतं. 'के'मध्ये तिची आई होती.

"काय मोडलं?" ॲनेका मागून जाताना म्हणाली. ॲनेका त्या सांख्यिकी विभागाची प्रमुख, उंच, डच आईबापांची मुलगी, आणि कुणाच्या पाठीवरूनही तिला संकट वाचता यायचं. "काल सगळं नव्या सर्व्हरवर नेलंय. मी सांगितलं होतं त्यांना, आमच्या लोकांच्या सवयींना हात लावू नका."

"मोडलं नाही काही," ग्लेनिस म्हणाली. "आकडे वेगळे येतायत."

"मग मोडलंच की! जुने आकडे परत येईपर्यंत बघ बाई. अहवाल छापायला जायचाय."

ॲनेका पुढे गेली. जुने आकडे परत येईपर्यंत. तिलाही तेच हवं होतं. ते परत यावेत, 'के' पुन्हा वर जाऊन बसावा आणि आपण गार झालेला चहा ओतून नवा करून आणावा. त्यांच्या धंद्यात कुणी सगळंच नव्यानं लिहीत बसत नाही. वयाचे गट पाडणं, टक्के काढणं, दुखण्याचे सौम्य, मध्यम, तीव्र असे ढीग करणं, असलं नेहमीचं काम कुणीतरी एकदा लिहितं, त्याला नाव देतं आणि फोल्डरमध्ये ठेवून देतं. त्याला मॅक्रो म्हणायचं. मग बाकीच्यांनी फक्त नाव घ्यायचं. नाव घेतलं की सॉफ्टवेअर ठरवून दिलेल्या फोल्डरांत ओळीनं डोकावतं, त्या नावाची फाइल जिथं पहिल्यांदा सापडेल तिथून उचलतं आणि कामाला लागतं. पुढच्या फोल्डरांत त्याच नावाचं आणखी कुणी असलं तरी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माणसानं काही उघडायचं नाही, वाचायचं नाही. ग्लेनिसला हे फार आवडायचं. नवी असताना विभागातल्या जुन्याजाणत्या मर्व हॅड्रिकनं तिला ते समजावून सांगितलं होतं तेव्हा तिला वाटलं होतं, घरातही असं काही असतं तर! नाव घेतलं की भांडी घासून ठेवलेली. मर्व म्हणाला होता, "तुझ्या घरातही आहे की. नाव घेतलंस की तुझी आई धावत येते, मुलं सांभाळते आणि जाते. तू कधी विचारलंस तिला, कुठून आलीस म्हणून?" सगळे हसले होते. ग्लेनिसही हसली होती, पण ते तिला लागलं होतं.

आज तिनं कालची नोंद काढली. सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं तर मॅक्रो कुठून उचलला हे ते निमूटपणे लिहून ठेवतं; वाचत कुणी नाही, एवढंच. काल दुखण्याचे ढीग करणारा मॅक्रो मर्वच्या फोल्डरमधून आला होता. आज तो मध्यवर्ती फोल्डरमधून आला होता. नव्या सर्व्हरवर, कुठल्या फोल्डरांत डोकावायचं ते सांगणारी सुरुवातीची फाइल नवी घातली होती, आणि तिच्यात मर्वच्या फोल्डरचं नावच नव्हतं. म्हणजे एवढंच होतं तर! तिला क्षणभर इतकं हलकं वाटलं की ती मोठ्यानं "हं" म्हणाली. मग तिनं दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. आयुष्यात पहिल्यांदा उघडल्या. हजारदा नाव घेतलं असेल, आत कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही मर्वनंच लिहिलेल्या, त्याच्या त्याच ऐसपैस समासांच्या, मधेमधे स्वतःशीच केलेल्या विनोदांच्या. फरक फक्त एका ठिकाणी होता. मध्यवर्ती फाइलमध्ये आधी विचारलं होतं, उत्तर आहे का? नसेल तर वेगळं ठेव. मर्वच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये ते विचारलंच नव्हतं. ती थेट म्हणत होती, चारापेक्षा कमी असेल तर सौम्य.

ज्याचं उत्तर नाही त्याच्या जागी त्या सॉफ्टवेअरमध्ये एक टिंब असतं. आणि टिंब हे सगळ्या आकड्यांपेक्षा लहान धरलं जातं. शून्यापेक्षाही, शून्याखालच्या आकड्यांपेक्षाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. नवीन पोरांना चहाच्या वेळी पकडून विचारतात, सर्वांत लहान कोण? आणि ते गडबडले की खूश होतात. ग्लेनिसनंही कितीजणांना विचारलं होतं. टिंब चारापेक्षा कमी. म्हणून टिंब सौम्य. ज्यांना प्रश्न कळला नाही, ज्यांना बोलता येत नव्हतं, जे भिंतीकडे तोंड करून पडून होते, ज्यांच्या खाटेशी उभं राहून कुणीतरी आकडा विचारला आणि वाट पाहून जागा कोरी सोडली, ते सगळे सौम्य. ते सगळे मजेत. तिचे हात टेबलावर होते, आणि ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे तिला वाटले.

मर्वच्या निरोपाचा दिवस तिला उगाच स्वच्छ आठवायला लागला. ऑफिसात शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री आणली होती, पावलोवा नावाची, अंड्याच्या पांढऱ्याची क्रीम घातलेली कुरकुरीत मिठाई होती, आणि ती कापताना नेहमीसारखी मोडली होती. मर्व भाषण करणार नाही म्हणाला आणि अर्धा तास बोलला. मग त्या विभागाची ती प्रथा. जाणाऱ्या माणसाला घड्याळ वगैरे द्यायचे नाहीत तिथं. त्याचा स्वतःचा फोल्डर शोधण्याच्या यादीत पहिला लावायचे. ॲनेकानं सगळ्यांसमोर पडद्यावर ती ओळ लिहिली आणि म्हणाली, "आजपासून आपण कुणालाही हाक मारली, तरी आधी मर्व ओ देणार." टाळ्या पडल्या. मर्वनं नाक शिंकरलं आणि म्हणाला, "मेल्यावरही राबवणार तुम्ही मला." त्या गर्दीत ग्लेनिस रडली होती. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, बापावर असतं तसं, बाप असताना तिचं नव्हतं तसं. आणि त्यानंतरच्याच अहवालात राज्यातल्या वृद्धनिवासांतल्या वेदना एकदम कमी झाल्या होत्या. परिचारिकांना दिलेल्या प्रशिक्षणाचा गुण आला असं सगळ्यांचं मत पडलं. त्याबद्दलही केक कापला होता. तो केक तिनं स्वतः आणला होता, लिंबाचा, आणि उरलेला आईसाठी घेऊन गेली होती, कारण तेव्हा आई अजून स्वतःच्या घरात होती, बोलत होती, आणि केक कोरडा आहे म्हणाली होती.

मग आईला पक्षाघाताचा झटका आला आणि आई बोलायची थांबली. बोलायची थांबली म्हणजे नॅन्स, तिची आई, कुणालाच काही म्हणत नाही अशी अवस्था. हे ओळखीच्या कुणालाच खरं वाटेना. खाटिकापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करणारी बाई. निवास शोधायची वेळ आली तेव्हा ग्लेनिस आणि पर्थहून आलेला तिचा भाऊ रॉस, दोघं दोन ठिकाणं बघून आले. पहिलं शहरातलंच, डोंगराच्या बाजूचं. तिथं दारातच एक म्हातारा "अगं मेलो, मेलो, कुणीतरी या गं" असा ओरडत होता, दुसरी एक बाई त्याला शिव्या देत होती, आणि एक मुलगी धापा टाकत दोघांच्या मधे पळत होती. ग्लेनिसचा जीव घाबरा झाला. दुसरं नदीपलीकडचं. गालिचे, खिडकीतून पाणी, आणि शांतता. कुणी ओरडत नव्हतं. रॉस गाडीत बसल्यावर म्हणाला, "पहिलंच बरं वाटलं मला. तिथं निदान माणसं बोलतात तरी." ग्लेनिस म्हणाली, "तू पर्थला असतोस." एवढं म्हणून ती थांबली असती तरी चाललं असतं. पण तिच्याकडे त्याच्याकडे नसलेलं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिनं बघायचं नसतं ते पाहिलं. पहिलं ठिकाण तक्त्यात तळाला होतं. नदीपलीकडचं सगळ्यांत वर. तिनं रॉसला फोन केला आणि कसं ते न सांगता म्हणाली, "मला माहिताय. माझ्यावर विश्वास ठेव." तो विश्वास ठेवून परत गेला. त्या दिवशी आपण शिकलो त्याचा जन्मात एकदा तरी उपयोग झाला असं तिला वाटलं होतं. इतरांना निवडताना अंदाजानं निवडावं लागतं, गालिचे बघून. आपण आकडे बघून निवडलं. आता तिला ते गालिचे आठवले.

तिनं मर्वला फोन लावला. तो ह्यूअन नदीकाठी लाकडी नाव बांधत होता, सात-आठ वर्षं बांधतच होता.

"काय गं, आठवण आली की काही जळलं?" मर्व म्हणाला. मागं रंधा कुणीतरी थांबवला; तोच असावा.

तिनं सांगितलं. मॅक्रोचं नाव सांगितलं, एका ओळीचा फरक सांगितला.

"अगं पण ते मी दुरुस्त केलं होतं! जायच्या आधी. मध्यवर्ती फोल्डरमध्ये नवा ठेवला की."

"ठेवलास. पण जुना तुझ्या फोल्डरमध्ये राहिला. त्याच नावानं."

"राहिला असेल. मी काही पुसत नाही, तुला माहिताय. माझ्या फोल्डरात कोण जातंय मरायला?" आणि मग त्याच्याच ध्यानात आलं. तो म्हणाला, "त्या ॲनेकाच्या ओळीमुळे."

"हो."

"मी काय आनंदलो होतो गं त्या ओळीनं," मर्व म्हणाला. "बायकोला घरी जाऊन सांगितलं." त्याचा आवाज म्हातारा झाला होता. "काय म्हणतेयस तू, ग्लेन, इतकी वर्षं न बोलणारे सगळे..."

"सौम्य."

"अरे देवा."

त्याला आणखी काही बोलावं असं तिला वाटेना. राग यायला हवा होता, तो कुणावर यावा हे कळत नव्हतं. एक माणूस आवडत होता म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या, बस. तोच मग म्हणाला, "नॅन्स कशी आहे?" आणि ग्लेनिसच्या तोंडून ताबडतोब आलं, "बरी आहे. स्वस्थ असते." तिनं ते शब्द उच्चारायच्या आत ते बाहेर पडले होते. शेजारणीला, रॉसला, दाताच्या डॉक्टरला, सगळ्यांना ती हेच सांगायची. ते तिचे शब्द नव्हतेच. निवासातून फोन येई त्यात परिचारिका म्हणत, स्वस्थ आहेत, आणि तिनं ते तसेच उचलले होते, आत काय आहे ते न उघडता. फोन ठेवल्यावर तिला आईचा चेहरा आठवायचा होता. गेल्या रविवारचा. कपाळावर एक आठी असायची हल्ली, भुवयांच्या मधे, खोल. ती आठी तिनं पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, आई चिडली आहे; आईचं काय, ती चिडलेलीच असते. आणि त्या म्हणण्याच्या खाली, अगदी तळाशी, तो तक्ता होता. इथं कुणाला दुखत नाही. म्हणून ही आठी दुखण्याची नाही. असं शब्दांत तिनं कधी म्हटलं नव्हतं. तसं म्हणायची गरजच पडली नव्हती.

ॲनेकानं सगळं ऐकून घेतलं, खुर्चीत बसली, आणि पहिल्यांदाच तिची पाठ वाकलेली दिसली. "उद्या सकाळी सगळ्यांना बसवू," ती म्हणाली. "मागचे सगळे अहवाल परत काढायचे. निवासांना कळवायचं. ओरडतील. ओरडू देत." मग म्हणाली, "तू काय अशी पांढरीफटक पडलीस? तू लिहिलेला नाही तो मॅक्रो."

"माझी आई 'के'मध्ये आहे," ग्लेनिस म्हणाली.

ते तुला कसं ठाऊक, असं ॲनेका विचारू शकली असती. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न आला आणि गेला. "जा," ती म्हणाली. "गाडी नीट चालव. जा तू."

पुलावरून जाताना वारा गाडीला ढकलत होता. नदी उन्हात होती, डोंगर ढगात. तिनं रस्ताभर एकच विचार केला, आणि तो विचार असा नव्हता की आईला दुखत असेल. तो असा होता की नसेल दुखत. टिंब म्हणजे दुखतं असं नव्हे. टिंब म्हणजे माहीत नाही, बस, मर्वनंच शिकवलं होतं. कदाचित खरंच स्वस्थ असेल. ती हा युक्तिवाद पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत करत गेली, आणि मधेच तिला स्वतःची किळस आली, कारण आपण कुणाला वाचवतोय ते तिला कळलं. आई आठवडेच्या आठवडे तिथं पडली होती आणि ही अजूनही आकड्यांशीच घासाघीस करत होती.

निवासात दुपारची शांतता होती. तीच शांतता, पाणी दिसणारी. बिनिता नावाची नेपाळी परिचारिका औषधांची गाडी ढकलत येत होती. "आज मधल्याच दिवशी?" ती हसून म्हणाली. "सगळं ठीक ना? तुमच्या आई स्वस्थ आहेत हं."

"कशावरून?" ग्लेनिस म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा आला.

बिनिता थांबली. "म्हणजे... काही म्हणत नाहीत त्या."

"ती काहीच म्हणत नाही. झटक्यापासून म्हणत नाही."

"तुम्ही आकड्याचं विचारताय का? आम्ही विचारतो ना, दर वेळी. त्या सांगत नाहीत, मग आम्ही कोरं सोडतो. कोरंच सोडायला सांगितलंय." ती बचाव करत नव्हती, सांगत होती. मग तिनं ग्लेनिसकडे नीट पाहिलं आणि गाडी भिंतीला लावली. "चेहरा बघून ठरवायचीही एक रीत असते. खरं तर तीच करायला हवी अशांची. पण अहवालात सगळं चांगलंच दिसतं आमचं, म्हणून कुणी मागत नाही. चला, करू या."

आई खिडकीकडे तोंड करून होती. ग्लेनिस खुर्ची ओढून बसली, आणि आईनं नेहमीसारखा तिचा हात धरला. हे एकच उरलं होतं दोघींत. उजवा हात, जो अजून चालत होता, तो शेजारी कुणी बसलं की शोधत यायचा आणि ग्लेनिसची बोटं पकडायचा, इतकी घट्ट की अंगठी रुतायची. आयुष्यभर नॅन्सनं कुणाचा हात धरला नव्हता. मुलांना रस्ता ओलांडतानाही ती मनगट धरायची, तेही ओढायला. ग्लेनिसनं रॉसला फोनवर सांगितलं होतं, ती मला ओळखते रे, सोडत नाही हात. आणि पर्थमध्ये रॉस रडला होता. रविवारी परत जाताना ती एकेक बोट सोडवून घ्यायची आणि गाडीत बसून ठणकणारी बोटं चोळायची, आणि खरं सांगायचं तर सुखी असायची. इतक्या उशिरा का होईना, आईनं धरलं.

बिनितानं पांघरूण बाजूला केलं आणि आईचा डावा पाय हलकेच, अगदी हलकेच वळवला. आईच्या तोंडून काही आलं नाही. पण आठी खोल गेली, ओठ दातांवरून मागं ओढले गेले, आणि ग्लेनिसच्या बोटांवरची पकड एकदम इतकी आवळली की ग्लेनिसच ओरडली. बिनितानं पाय सोडला. पकड थोडी सैल झाली. बिनितानं पुन्हा पाहिलं, आता ग्लेनिसच्या हाताकडे पाहिलं. तिनं आईच्या कपाळावर तळवा ठेवला. "आजी," ती म्हणाली, "सांगायचं नाही होय आम्हाला?"

"द्यायला काही आहे?" ग्लेनिसनं विचारलं.

"आहे. आल्यापासून आहे. लागलं तर द्यावं म्हणून डॉक्टरांनी लिहून ठेवलंय." बिनितानं पांघरूण परत नीट केलं. "लागलंच नाही कधी."

तिनं ते आणलं, जिभेखाली सोडायचं, अगदी थोडंसं. मग ती दुसऱ्या खोलीत गेली, आणि दोघी राहिल्या. ग्लेनिसला काहीतरी बोलावं असं वाटत होतं. माफ कर म्हणावं, केक खरंच कोरडा होता म्हणावं. बाहेर पाण्यावर कुणीतरी शीड उतरवत होतं. आईची आठी आधी हलली, मग थोडी उथळ झाली, मग राहिलीच नाही, आणि तिच्याखालून एक चेहरा वर आला जो ग्लेनिसनं झटक्यापासून पाहिला नव्हता, जरासा भोचक, जरासा झोपाळू. आणि बोटं सुटायला लागली. आधी करंगळी, मग सगळीच, सावकाश, कुणी सोडवून न घेता. हात पांघरुणावर उताणा पडला.

"बघा," बिनिता दारातून हळूच म्हणाली, "किती बरं वाटतंय त्यांना."

"हो," ग्लेनिस म्हणाली. तिनं तो हात उचलून पुन्हा आपल्या हातात घेतला. ऊबदार होता, मऊ होता. तिनं दाबून पाहिला. त्यानं तिला धरलं नाही.